डिकीतलं दुसरं अँप्लिफायर

३ फेब्रुवारी, रविवार
गाडीचं पुन्हा काम निघालं! भाजीसाठी म्हणून बबिन्याच्या छावणीतून झाशीला आलो आणि सगळी दुपार दतिया गेटजवळच्या स्पीकरच्या दुकानात गेली. ह्यांची तक्रार एकच — ढोल ऐकू येतो, गाणारीचा आवाज येत नाही. फिटर मला म्हणाला, "भाभीजी, एक ही एम्प पे दरवाज़े के स्पीकर भी हैं और डिक्की का वूफर भी. ढोल की थाप पड़ते ही सारी ताकत वूफर खा जाता है."
उपाय म्हणजे दोघांना वेगवेगळं अँप्लिफायर. म्हणजे आणखी एक आलं. मी बाहेर जाऊन पेरू घेतले. परतताना हे म्हणाले, तोफ ओढणाऱ्या गाडीत कोणी रेशन भरत नाही. फौजेच्या तोफांच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, उदाहरणंही तिथलीच.

६ फेब्रुवारी, बुधवार
नायब सुभेदारीसाठीचं ह्यांचं मेडिकल वीस तारखेला. पास झाले तर नोकरी वाढेल, बकुळची बारावी इथेच होईल. नाहीतर हवालदार म्हणूनच पेन्शन आणि वर्षअखेर साताऱ्याला गावी. मला गाव चालेल. पण बकुळ मराठी बोलायला लागली की अर्ध्यातच हिंदीवर जाते, तिथल्या शाळेत तिचं काय होणार?

८ फेब्रुवारी
कढी फुटली. बाकी काही नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
दुसरं अँप्लिफायर बसलं. ढोलाचा जाड आवाज काढणाऱ्या वूफरला एक, दारातल्या चार स्पीकरना एक, आवाजाची बटणंही वेगळी. बकुळ म्हणाली, "आई, अब सब साफ़ है." खरंच होतं, शब्द न् शब्द कळत होता. हे म्हणाले, गाणारीचा आवाज अजून दबलेलाच आहे. फिटरने स्पीकरचा आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. बकुळने कानांत बोटं घातली.
शेवटी ह्यांनी वूफर पार बंद करायला लावला. आता नुसती ती बाई गात होती, इतकी कर्कश की समोरचा चहावाला वळून बघायला लागला. आणि हे सीटवर शांत बसलेले — गाणं अजून सुरूच व्हायचंय असे! थोड्या वेळाने म्हणाले, ठीक आहे, चला.
मला कळलं. फार भीती वाटली.

११ फेब्रुवारी, सोमवार
आता सगळं जुळतंय. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका वाया जातात. बकुळ काही बोलली की नुसती मान हलते. शेजारच्या अनुसूयावहिनी मागे सांगत होत्या, फायरिंग रेंजवर तोफ दुरुस्त करताना लोक "हटो, हटो" ओरडले तरी हे जागचे हलले नाहीत, कोणीतरी कॉलर धरून ओढलं. तेव्हा मी म्हटलं होतं, कामात गुंग असतात.
इतकी वर्षं तोफांच्या शेजारी. जाड आवाज राहिले, बारीक गेले.

१२ फेब्रुवारी
जेवायला हाक मारली नाही. जाऊन समोर उभी राहिले.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
अनुसूयावहिनींना आडून विचारलं, मेडिकलला कान कसे तपासतात? पाठीमागे लांब उभं राहून कुजबुजतात म्हणे, बहुतेक आकडेच. अंदाजाने सांगून निभावलेले लोक आहेत.
वीस तारखेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. ह्यांना स्वतःला माहीत नाही, तेच बरं. माहीत नसलं की चेहरा साफ राहतो. रेंजवर पुन्हा तसं झालं आणि ओढायला कोणी नसलं तर — हेही मनात येतं. येतं आणि मी भांडी घासायला घेते.

१७ फेब्रुवारी, रविवार
हे गाडीत बसून कधी वूफर बंद करतात, कधी स्पीकर. बकुळ हसते, पप्पांना नवं खेळणं मिळालं म्हणते.

१९ फेब्रुवारी
वर्दीला इस्त्री केली. देवाला नारळ बोलले.

२० फेब्रुवारी, बुधवार
हे लवकर आले. बूट सोडता सोडता म्हणाले, ऐकू येत नाही असं परवाच डॉक्टरसाहेबांना जाऊन सांगितलं. बढती गेली. मला आधी रागच आला. का सांगितलंत, विचारलं.
"तोफ अडली की एकेक भाग वेगळा करून बघतो आम्ही. गाडीतही तेच केलं. मशीन चांगलं आहे, भानू."
मग म्हणाले, "तरी शंका होती. पण दुकानातल्या त्या रविवारपासून तू माझ्यासमोर येऊनच बोलायला लागलीस."