माझ्या दोन रेघा

४ मार्च
आधी टपकली शेजारची शिवणवाली, गळ्यात टेप. मोजणीवाले मागून, एक बुवा आणि एक बाई. बोलावलं मी आणि पुढारपण हिचं! आम्हा दोघींमधला हद्दीचा दगड मातीत गडप झालाय. झाड कुणाचं, एवढाच प्रश्न. माझंच! ह्यांनी लावलेलं लिंबू आहे ते.
मोजणीवाल्याने तिपाईवर दुर्बीण चढवली. टाकी, धुराडं, शाळेचा कोपरा, अशा तीन ठिकाणांहून जुन्या नकाशातले कोन धरून तीन रेघा आखल्या. एका जागी भेटतील तर शपथ! मधे चटईएवढा त्रिकोण उरला. म्हणे, आजी, दगड बहुतेक यात कुठेतरी. बहुतेक! एवढं मशीन आणि बहुतेक! इतकी हसले की त्याला पुढे बोलताच येईना. यांना परत फाटकात पाऊल ठेवू देणार नाही.

५ मार्च, सकाळ
दगड मीच शोधते. नवी नवरी होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून तो धुराड्याच्या रेघेत दिसायचा, लागूनच असलेल्या आमच्या न्हाणीच्या दारातून टाकीच्या. एक डोळा मिटला, सुनेला पुढे-मागे नाचवलं, सुतळ्या ताणल्या. दोन रेघा, जागा एकच! रुपयाएवढी! सून म्हणाली, आई, तिसरी रेघ घेऊन बघायची का? म्हटलं, दोघींचं जमलंय ना, तिसरी आणून भांडणं कशाला लावतेस? खुंटी ठोकली.

दुपारी
मोजणीवाली विसरलेली छत्री न्यायला आली. म्हणे, दोन्ही दारं अगदी जवळजवळ आहेत, नजर केसभर हलली तरी जागा चार हात सरकते. माझी नजर हलत नाही, असं ठणकावलं. छत्री दिली.

६ मार्च
शिवणवालीला ऐटीत खुंटी दाखवली. हीच हद्द, म्हटलं. बाईने टेप काढलीच नाही. खुंटीपासून हद्दीच्या दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत दोरी बांधली आणि गोड हसली. काकू म्हणतात तेच खरं, मशीन हवंय कशाला?
लिंबू दोरीच्या पलीकडे. तिच्याकडे!
खुंटीखाली खणलं. फुटकी बशी निघाली.

७ मार्च
खुंटी बरोबरच आहे. झाडच सरकलं असणार. शिवणवाली दोरी सोडत नाही, काकूंचा शब्द म्हणते.
सुनेला मोजणीवाल्याला फोन लावायला सांगितला, सहज. तो म्हणाला, दगड त्रिकोणात कुठेही निघो, झाड तुमच्याच बाजूला येतं, हेच सांगत होतो, पण आजी हसत होत्या. म्हटलं, मग हसू थांबल्यावर सांगायचं! माणसाला धीर नाही.
त्रिकोण खणायला गुरुवारी येतो म्हणाला. फाटकाची कडी आजच काढून ठेवली.