ट्रफलचा वास

आई, तुमचा लेक जेवत नव्हता. आधी एवढंच सांगते, कारण तुम्ही असतात तर त्यापुढचं काही ऐकूनच घेतलं नसतंत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी, तुमची सून, तुम्हाला मनातल्या मनातसुद्धा कधी हाक मारली नाही, उगाच खोटं कशाला बोलू? आणि आज मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीच्या या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. तो समोर त्याच्या खुर्चीत झोपलाय, मांडीवर शाल आहे, मान डावीकडे कललीय. बाहेर जुलैची थंडी आहे. कुकर झालाय, बटाटे आत आहेत, वाफ जिरेपर्यंत मला वेळ आहे.

गेल्या वर्षी त्याला स्ट्रोक आला आणि यंदा उन्हाळ्यात दुसरा. उन्हाळा म्हणजे इथला, जानेवारीचा. उजवी बाजू गेली, बोलणं जवळपास गेलं आणि गिळणं बिघडलं. पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागतं, नाहीतर फुप्फुसात जातं. घास गिळायला शिकवणारी एक पोरगी घरी येते, स्पीच पॅथॉलॉजिस्ट म्हणतात तिला. गोड आहे, पण दर वाक्याला ‘नो वरीज’ म्हणते, आणि मला इथे वरीजशिवाय दुसरं काही नाही. तिने सांगितलं, सगळं गुळगुळीत हवं, गुठळी नको, चिकट नको, चमचा कलता केला की घास आपसूक सुटून पडायला हवा. मी वरणभात वाटला, खिचडी वाटली, दुधी वाटला, भोपळा वाटला. तो ओठ मिटून बसायचा. नुसता बसायचा नाही, माझ्याकडे बघत बसायचा. कपडे ढगळ झाले, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वजन आणखी उतरलं तर पोटात नळी घालायचा विचार करावा लागेल. आणि पहिल्या स्ट्रोकनंतर, बोलता येत होतं तेव्हा, त्याने मला समोर बसवून सांगितलं होतं की काही झालं तरी नळी घालू द्यायची नाही. मी हो म्हटलं होतं. म्हणजे त्याने जेवायला हवं, नाहीतर मी शब्द मोडायचा, नाहीतर त्याला जाऊ द्यायचं. बाकी रस्ता नव्हता.

तुमच्या मिरजेच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं मला. मी नवी नवरी, तुम्ही पाटावर बसून भात कालवताय, बोटांनी मऊ करून, तूप सोडून, आणि अठ्ठावीस वर्षांचा इंजिनीअर तुमच्यासमोर ताट घेऊन वाट बघतोय. मला हसू आलं. मी त्याला म्हटलं, अरे, आता भरवून घेणार की काय? तुम्ही मान वर केलीत. आधी तर मी त्याला अरे म्हटल्याचा राग, त्यात हे. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तुझ्या हातचं तो भूक लागते म्हणून खातो. माझ्या हातचं जेवतो.” झालं. त्या दिवसापासून आपलं जमलं नाही ते नाहीच. मीही काही कमी नव्हते, जशास तशी होते. तुम्ही इथे आलात ते तीन महिने आठवा, एका ओट्यावर दोघींचे दोन डबे मिठाचे.

ट्रफलचं खूळ तुमच्या नातीचं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुकला राहते, शनिवारी गाडी काढून येते. मराठी तिला सगळं कळतं, मला आई म्हणते, बाकी गाडी इंग्लिशवर. वाढदिवसाला डॅडसाठी काहीतरी स्पेशल करू म्हणाली. सगळ्यांच्या ताटात एकच साइड डिश हवी, त्याच्यापुढे वेगळा हॉस्पिटलचा लगदा नको. रेस्टॉरंटमध्ये देतात तसा मॅश्ड पोटॅटो, वर ट्रफल ऑइल. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती कुठल्याशा फार्मवर गेली होती, तिथे कुत्री हुंगून हुंगून जमिनीखालून ट्रफल नावाची काळी अळंबी शोधून काढतात म्हणे. तिथून एक एवढीशी बाटली आणलीन. मला बजावलं, एकच थेंब घाल. भूक निम्मी नाकात असते, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ठीक आहे बाई, तेही करून बघू. वाढदिवसाच्या आधी एकदा घरी करून बघायचं ठरवलं, पाहुण्यांसमोर फजिती नको.

पहिला घाणा मिक्सरमध्ये फिरवला तर त्याची खळ झाली, पतंग चिकटवायला बरी. चिकट म्हणजे त्याच्या घशाला धोका. सगळा टाकून दिला. मग माळ्यावरून तुमचं पुरणयंत्र काढलं. आम्ही मेलबर्नला निघालो तेव्हा तुम्ही ते माझ्या बॅगेत कोंबलं होतंत, मी काढून ठेवलं, तुम्ही पुन्हा घातलंत, मी पुन्हा काढलं, आणि विमानतळावर बॅग उघडली तर मेलं त्यात होतंच. बटाटे सालासकट उकडले, गरम असतानाच सोलले, यंत्रातून काढले. मऊसूत शेवया पडल्या हो, एक गुठळी नाही. त्यात आधी लोणी, मग कोमट दूध थोडं थोडं, मीठ. चमचा कलता केला तर घास अलगद सुटला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग बाटली उघडली. थेंब कसला, भसकन चमचाभर तेल पडलं.

तो इथेच बसला होता, खिडकीकडे तोंड करून. मी वाडगा घेऊन वळते तर त्याच्या नाकपुड्या हलतायत. मान वर. डोळे मोठे. डाव्या हाताने खुर्चीच्या ट्रेवर धाडधाड मारायला लागला. मला वाटलं, तिसरा झटका. वाडगा ओट्यावर ठेवून धावले. आणि त्याच्या तोंडून शब्द आला, महिनोन्‌महिने ज्या तोंडातून धड हूं सुद्धा निघालं नव्हतं. “गॅस,” म्हणाला. आणि मग स्वच्छ, “आई, गॅस. खिडकी उघड.”

अहो, आमच्याकडे गॅसच नाही. ओटा केला तेव्हाच इंडक्शन घेतलं. मी त्याला म्हटलं, अरे गॅस नाहीये, बटाट्यात ट्रफल घातलंय. पण बोलता बोलता मलाही तो वास आला आणि माझे हात थांबले. सिलिंडरचं वायसर गेल्यावर यायचा ना, अगदी तोच वास. आणि तुमची गोष्ट आठवली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ती सांगायचात आणि मला वीट आला होता तिचा. नवीन सिलिंडर आलेला, तुम्हाला सर्दी, वास कळेना, आणि चौथीतला हा शाळेतून आला, दारातच ओरडला, खिडकी उघडली आणि तुमचा पदर धरून तुम्हाला ओढत अंगणात नेलं. माझ्या लेकाने मला वाचवलं, म्हणून तुम्ही डोळे पुसायचात. तो माझ्याकडे बघत होता, आई, आणि मी त्याला दिसतच नव्हते. तुम्ही दिसत होतात.

समजावून काही होईना. तो उठायला बघत होता, एक पाय जमिनीला लागत नसताना. पडला असता, हाड मोडून घेतलं असतं. मग मी गेले, खिडकी सताड उघडली, बोचरा वारा आत आला. ओट्याशी जाऊन हवेतच बटण फिरवल्यासारखं केलं, वळले आणि म्हटलं, “बंद केला रे, सोन्या.” सोन्या हा तुमचा शब्द. मी जन्मात कधी वापरला नव्हता. तो निवला. खांदे खाली आले. मी वाडगा उचलला, चमचा पुढे केला आणि त्याने तोंड उघडलं. घास जिभेवर घोळवला, गिळला, पुन्हा तोंड उघडलं. सगळा वाडगा संपवला. मी रडत होते आणि भरवत होते. शेवटचा घास झाल्यावर त्याने माझा हात धरला आणि विचारलं, “तू जेवलीस?”

तीस वर्षांत मला हे कधी विचारलं नाही त्याने. चांगला नवरा होता हो, वाईट बोलायला जागा नाही, भांडी घासायचा, गाडी पुसायचा, माझ्या बाबांच्या आजारपणात रजा काढून माझ्याबरोबर आला. पण हे नाही विचारलं. मला तुमचा असा हेवा वाटला त्या क्षणी, मेलेल्या माणसाचा. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मी म्हटलं, हो रे, जेवले.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेने मुगाचं वरण भरवायला गेले. ओठ बंद. सोन्या म्हणून पाहिलं, तुमच्यासारखा आवाज काढून पाहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मला ओळखून, थोडं रागावूनच, की हिचं काय चाललंय. मग बाटली उघडली. पुन्हा तेच, नाकपुड्या, डोळे, धाडधाड, आई गॅस, खिडकी, बंद केला रे. आणि मग जेवला. तेव्हापासून रोज हेच चाललंय. कळतंय ना तुम्हाला? जेवण नुसत्या वासाने होत नाही, आधी त्याला घाबरवावं लागतं. दर वेळी त्याला वाटतं की त्याची आई आता मरणार. घामाने मान भिजते त्याची. मग मी त्याला वाचवल्याचं समाधान देते आणि त्या समाधानात तो चार घास खातो. हे प्रेम आहे की छळ, मला सांगता येत नाही. विचारू कुणाला?

वाढदिवसाला लेकीसमोरही तेच झालं. मी खिडकी आधीच उघडून ठेवली होती, धुराचं निमित्त करून. तो ओरडला तशी ती आधी हसली, डॅड, इट्स जस्ट ट्रफल, आणि मग तिच्या लक्षात आलं की डॅड बोलला. टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडली पोर. त्याने आई म्हटलं ते तिला खटकलं नाही, घरात मलाच सगळे आई म्हणतात. जाताना मला मिठी मारून म्हणाली, “टोल्ड यू, आई. इट वर्क्ड.” नव्या दोन बाटल्या ऑर्डर केल्यात तिने. वजन वाढलंय. डॉक्टर खूश, नळीचं नाव काढत नाहीत. घास शिकवणारी पोरगी तर म्हणाली की माझी रेसिपी ती बाकीच्या पेशंटांना सांगणार आहे. मी हसले. काय सांगणार, रेसिपीत काय काय घालते मी?

मला रोज वाटायचं की ओठ मिटून बसणारा माणूस माझा नवरा होता, आणि तोंड उघडणारा तुमचा मुलगा. माझ्या नवऱ्याने कदाचित पुरतं ठरवून जेवण सोडलं असेल. नळी नको म्हणणाऱ्याला घासही नको असेल. मी त्याला विचारलंच नाही, मागच्या दाराने चौथीतल्या पोराला बोलावून आणलं आणि त्याला जेवू घातलं. हे मी मनातून झटकून टाकायचे. त्याला कुठे काय कळतंय, असं स्वतःला सांगायचे.

आज दुपारी मी वाडगा तयार केला आणि बाटली हातात घेतली. झाकण अजून लागलेलं होतं. त्याने डावा हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. वास नव्हता, घबराट नव्हती, डोळे शांत. माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं. दुसऱ्या स्ट्रोकनंतर पहिल्यांदा, जीभ जड, पण माझंच नाव. मग म्हणाला, “नको.” मी विचारलं, काय नको? बाटली नको? जेवण नको? पुन्हा म्हणाला, “नको,” आणि माझ्या मनगटावरून अंगठा फिरवला, लग्न नवीन असताना फिरवायचा तसा. मग थकला आणि झोपला. दुपारचा घास राहिला.

हे मी लेकीला सांगितलेलं नाही. डॉक्टरांना सांगणार नाही. तुम्ही जिवंत असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं, कारण तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे, ‘आधी त्याला जेवू घाल’, आणि पहिल्यांदाच मला तेच ऐकावंसं वाटतंय. हा कागद फाडून टाकीन, कुठे पाठवायचा असतो असला कागद. कुकरची वाफ गेली, बटाटे गरम आहेत तोवर सोलायला हवेत. एक तेवढं सांगायचं राहिलं. त्याने नको म्हटल्यावर बाटली मी त्याच्यादेखत कपाटात आत ठेवली होती. त्याला झोप लागल्यावर ती परत काढून ओट्यावर आणली आहे, आणि झाकण सैल करून ठेवलंय.