दुसऱ्याचा कोट

अब्बा, तो कोट त्या माणसाचा नव्हता. तुम्ही बरोबर होतात.

एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला मला सतरा वर्षं लागली, आणि त्यातली शेवटची बारा वर्षं ते ऐकायला तुम्ही नव्हतातच. घरात आपण आपली हिंदी-उर्दूची खिचडी बोलायचो. हे मात्र मराठीत लिहितेय, कारण जे झालं ते दुकानात झालं आणि दुकानात तुम्ही मराठीच बोलायचात. या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेले होते. तिथे एका दुकानात आपल्या रविवारच्या मालिकेच्या सीडींचा संच दिसला. तीच ती जुनी विलायती मालिका, दुसऱ्या ग्रहांवरच्या आणि अंतराळयानातल्या गोष्टींची. एकेक गोष्ट चार-चार रविवार चालायची आणि दर रविवारी नेमकी कुणाच्या तरी जिवावर बेतलं की संपायची. मी संच उचलला, परत ठेवला, दारापर्यंत गेले आणि मागे फिरून घेतला. दुकानदाराने विचारलं, मुलांसाठी का? मी हो म्हटलं. खोटं बोलायला मला फार विचार करावा लागत नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

माजरीच्या बाजारातलं आपलं दुकान आठवतं तेव्हा आधी कोळशाची धूळ आठवते. पांढरं कापड तुम्ही मशीनवर घ्यायच्या आधी हात धुऊन यायचात, तरी कडेला काळी रेघ उमटायचीच. तुम्ही बसायचात पायमशीनवर, गळ्यात माप घ्यायची टेप, कानामागे खडू. समोरच्या फळीवर तो जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. केबलवाल्याचे पडदे तुम्ही शिवून दिलेत म्हणून त्याने तार जोडून दिली होती. रविवारी खाणीतले लोक माप द्यायला यायचे ते बाकावरच बसून राहायचे. खाणीच्या गेटवरचे रखवालदारभाऊ यायचे, समोरची भाजीवाली बाई पाटी झाकून यायची. इंग्रजीचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, तुम्हालाही नाही. पण तुम्ही गोष्ट सांगायचात. कपडे पाहून सांगायचात! "ह्याची कालर पाहा, मयली आहे. लय दिवसाचा घरी नाई गेला हा." "ही राणी गरीब झाली, भाऊ. वरून जरी आहे, आतून अस्तर फाटून राह्यलं." एकदा एक मोठा राक्षस आला, सगळे दचकले, आणि तुम्ही मशीन थांबवून म्हणालात, "ह्याच्या मानेपाशी हाताची शिलाई आहे. घाईत शिवून देल्लं असन बिचाऱ्यानं." राक्षस शिवणाऱ्या शिंप्याची कीव करणारे तुम्ही जगात एकटेच असाल. बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

मी तेव्हा तेरा वर्षांची. तुम्ही मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, खाणीच्या कॉलनीतल्या साहेबांच्या मुलींबरोबर. तिथे धडे पाठ करून घ्यायचे आणि अर्थ हिंदीत सांगायचे. मला धडाधडा वाचता यायचं, कळायचं फार थोडं. हे तुम्हाला मी कधी कळू दिलं नाही. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "माही पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते," आणि मी नाक वर करून फिरायचे.

त्या रविवारी गोष्टीचा तिसरा भाग होता. चंद्रावरचं एक ठाणं, तिथला कमांडर, आणि ठाण्यात घुसलेला कुणी गद्दार. आणि नेमकी त्या दिवशी माझ्या वर्गातली कॉलनीतली मुलगी आईबरोबर फ्रॉक न्यायला आली होती. आई पलीकडे किराणा घेत होती, ही आत बाकाच्या टोकाला बसली. पडद्यावर कमांडर हुकूम सोडत होता. तुम्ही सुई दातांत धरून बघत होतात. ती काढलीत आणि म्हणालात, "भाऊ, हा साहेब नाई."

"काऊन?" रखवालदारभाऊंनी विचारलं.

"कोट ह्याचा नाई. बाह्या पाहा, बोटं झाकून राह्यले. खांदा खाली उतरला. मोठ्या मानसाचा कोट घालून बसला हा."

"मंग असली साहेब कुठी गेला?"

"मारलं असन, नाईतर कुठी डांबलं असन. लावा चहाची शर्त. मी चुकलो त सगळ्याईले चहा पाजतो."

कॉलनीतली मुलगी हसली. वाईट नाही हसली, आता वाटतं तिला मजा वाटली असेल. पण मला तिच्या हसण्यात आपलं दुकान दिसलं, तुमच्या बनियनला चिकटलेले दोरे दिसले, आणि कानशिलं तापली. मी उठून उभी राहिले. मुद्दाम पुस्तकातली मराठी काढली. "अब्बा, तो स्वतः सांगतो आहे की तो कमांडर आहे. तुम्हाला इंग्रजी येत नाही तर उगाच कशाला सांगता? तुम्ही आपलं शिवा."

त्या सगळ्या बोलण्यातला 'कमांडर' हा एकच शब्द मला कळला होता, अब्बा. बाकीचं मी ठोकून दिलं होतं.

बाई टीव्हीकडे बघत राहिली. तुम्ही मला रागावला असता तर बरं झालं असतं, चार लोकांत कानाखाली दिली असती तरी मी विसरून गेले असते. तुम्ही फक्त "बरं बरं" म्हणालात आणि मशीन सुरू केलीत. जाताना ती मुलगी मला म्हणाली, पुढच्या रविवारी आमच्याकडे ये, आमचा कलर आहे.

मी गेले. आणि त्याच रविवारी बाजारातली लाईट गेली. कॉलनीची लाईन वेगळी होती, तिथली लाईट जात नसे. म्हणजे चौथा भाग आपल्यापैकी मी एकटीने पाहिला. सोफ्यावर बसून, हातात सरबताचा ग्लास घेऊन. ती मुलगी सारखी विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला, आणि मी काहीबाही सांगत होते. पण शेवट समजायला इंग्रजी लागत नव्हतं. कोठाराचं दार उघडलं, आत एक उंच माणूस बनियनवर बांधून घातलेला. त्याला सोडवलं, त्या दुसऱ्याच्या अंगातून कोट ओढून काढला आणि ह्याला घातला. खांदा खांद्यावर बसला, बाही बरोबर मनगटावर. माझ्या हातातलं सरबत तसंच राहिलं.

कॉलनीपासून बाजारापर्यंत अर्ध्या तासाची वाट. कोळशाचे ट्रक जात होते, मी तोंडावर रुमाल धरून चालत होते आणि निम्म्या वाटेपर्यंत खरंच तुम्हाला सांगणार होते. पळत येऊन सांगावं असं वाटत होतं. मग दुकान दिसलं. बाकावर तीच माणसं बसलेली, लाईट नसताना, फक्त माझी वाट बघत. त्यांच्यासमोरच मी आठवड्यापूर्वी तुमचा पाणउतारा केला होता.

"आली आली," भाऊ म्हणाले. "सांग पोरी. साहेब असली का नकली?"

तुम्ही काज करत होतात. वर पाहिलंत. तुमच्या चेहऱ्यावर शर्त नव्हती, नुसती उत्सुकता होती.

"असली," मी म्हटलं. "तोच कमांडर होता."

"हाव का? मंग मी चुकलो," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. "अन् कोटाचा रंग कोनता होता?"

"हिरवा."

त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलेली ती एवढी एकच खरी गोष्ट. तुम्ही सगळ्यांसाठी चहा मागवलात. कप वाटताना भाऊंना म्हणालात, "पोरगी शिकून राह्यली, भाऊ. तिले समजते. मी आपला उगाच बडबडतो." केवढ्या कौतुकाने म्हणालात! आणि मी तो चहा प्यायले, अब्बा. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

त्यानंतर तुम्ही गोष्ट सांगणं सोडलंत. रुसून नाही, रुसणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. कुणी म्हटलंच, सांगा ना मास्टर, तर माझ्याकडे बोट दाखवायचात. मी दोन-चार रविवार सांगून पाहिलं, लोकांना कंटाळा आला, बाई आपल्या पाटीपाशी परत जाऊन बसली. पुढे तर तुम्ही मला बातम्यांतल्या माणसांबद्दलही विचारायला लागलात, "हा चांगला मानूस आहे का वं?" अंगातला कोट पाहून माणूस ओळखणारे तुम्ही, मला विचारायचात! आणि मी उत्तर द्यायचे. पाच वर्षं मी अशी उत्तरं देत राहिले. तुम्हाला खरं सांगायला माझ्याकडे पाच वर्षांचे सगळे रविवार होते, हे मी कशानेही झाकू शकत नाही. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते, तेव्हा तर तुम्ही दोन दिवस चांगले शुद्धीवर होतात. मी तुम्हाला संत्री सोलून दिली.

आता मी चंद्रपुरात शाळेत इंग्रजी शिकवते. मालिकेतलं अक्षर न् अक्षर आता कळतं. पहिले तीन भाग सलग पाहिले आणि चौथ्यापाशी आठ दिवस थांबले. मग एका रविवारी लावला, आणि आवाज बंद केला. तुम्ही जसं पाहायचात तसं पाहावं म्हणून. भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, दार आपटलं की हलतात. कोट हिरवाच आहे. पण बाही लांब आहे हे मला तुम्ही सांगितलेलं आठवतं म्हणून दिसतं. तिसरा भाग पुन्हा लावून मी डोळे ताणून बसले, खांदा नक्की कुठे उतरलाय ते मला आजही सापडलं नाही. शिंप्याच्या घरात वाढून मला कापडातलं काही कळत नाही, आणि तेव्हा इंग्रजीतलंही कळत नव्हतं. मग मी नेमक्या कशाच्या जोरावर उभी राहून बोलले?

खरं म्हणजे हे पत्र सीडींमुळे लिहीत नाहीये. मागच्या महिन्यात नागपूरहून परतताना वरोऱ्याच्या बसस्टँडवर रखवालदारभाऊ भेटले. रिटायर झालेत, केस सगळे पांढरे, मुलाकडे राहतात. मला "मास्तरीनबाई" म्हणाले आणि स्वतःच लाजले. बाजारातलं आपलं दुकान कधीच गेलं, ती बाईही गेली. त्या बाकावरचे आता ते एकटेच उरलेत. मला चहा पाजला. तुमचा विषय निघाला तसे खुलले. "तुहे अब्बा सांगे ना, बाई, त अस्सं वाटे का आपल्याले इंग्रजी येते. मी नातवाले सांगतो, असा मास्टर होता माजरीले. कपडे पाहून सांगे. पार बरोबर निघे." मग हसले. "एकदाच चुकले. त्या कोटवाल्याच्या टायमाले. आठवते का?"

सीडी तेव्हा माझ्या पिशवीतच होत्या. माझी गाडी लागायला वीस मिनिटं होती. एक वाक्य बोलायला वीस मिनिटं लागत नाहीत.

त्यांनी मुलाचा पत्ता लिहून दिलाय, कधी आली त ये म्हणून. मराठी त्यांना चांगली वाचता येते. म्हणजे हे पत्र पाठवायला जागा आहे, अब्बा, माणूस आहे, पाकीटही आणून ठेवलंय. आणि मला माहीत आहे की मी ते पाठवणार नाही. त्या दिवशी स्टँडवर त्यांचा चहा पीत पीत मी म्हटलं, "हाव भाऊ, आठवते. एकदाच चुकले."