हमीदचं नाव

चिंचवड, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

आज पुण्याला रेडिओ केंद्रावर कुस्तीच्या धावत्या वर्णनासाठी आवाजाची परीक्षा झाली. महाळुंग्याच्या जत्रेतली कुस्ती डोळ्यांपुढं आणली आणि बोलत सुटलो. साहेब खूश. पुढच्या महिन्यापासून या म्हणाले. मग विचारलं, "हे शिकलात कुठं?"

"कुठं नाही, साहेब. माझं मीच."

का म्हणालो असं? शिकवलं हमीदनं. पंक्चर काढता काढता तो माझ्याकडून अख्खी कुस्ती बोलून घ्यायचा. "पट काढला एवढंच म्हणू नको, कुणी काढला ते आधी सांग. ऐकणाऱ्याला दिसत न्हाई." साहेबांना आवडलं ते नेमकं हेच. सायकलवाल्याचं नाव सांगायची लाज वाटली, दुसरं काय?

आणि तो बाहेर दोन तास उन्हात उभा. मला डबलसीट त्यानंच नेलेलं. निवड झाली म्हटल्यावर त्यानं मला उचललंच. परतताना कासारवाडीपाशी हळूच म्हणाला, "माझं नाव घेतलंस का रं?"

"व्हय, घेतलं."

एका दिवसात दुसऱ्यांदा खोटं, तेही त्याच्या पाठीमागं बसून.

संध्याकाळी त्याच्या दुकानावरून गेलो. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "रेडिओवाल्या साहेबाला आपलं नाव ठाऊक हाय." मला बघून त्यानं चहा मागवला. मी प्यालो.