सीलबंद खुर्चीबाबत

दहिवली, कर्जत
गुरुवार, दुपारी दोन

सौभाग्यवती सुचेता हेमचंद्र त्रिभुवन हिस, प्रभूच्या शांतीत सलाम.

(‘सौ.’ लिहावे की ‘कै.’, हे मी चर्चच्या पाळकसाहेबांना विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि चहा मागवला. तेव्हा निर्णय माझा मीच घेतला: मी हयात आहे, सबब तू सौभाग्यवती.)

तुझ्या प्रकृतीची चौकशी रिवाजाला धरून करीत आहे. फेब्रुवारीपासून तुला त्रास नसावा, असा माझा अंदाज आहे. माझी प्रकृती ठीक. रक्तदाब दहा अंकांनी वाढला आहे, आणि ते दहाही अंक पुढील प्रकरणाचे आहेत.

मंडळीतल्या पाच मुलांची घरगुती उपासना तुझ्यामागे मी चालवावी, असे पाळकसाहेबांनी सुचवले. तुझ्या वहीत चार विषय निघाले: स्तुती, कबुली, आभार, विनंती. तू हा वर्ग दर गुरुवारी शाळा सुटल्यावर घेत असस. मी तो रविवारी, उपासनेला शोभेल अशा वारी, चार ते पाच या वेळेत आणला. (गुरुवारी मला तुझ्या माहेरच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी खालापूरला जावे लागते.) पहिल्या रविवारी स्तुती या विषयावर मी चाळीस मिनिटे बोललो. मुले इतकी शांत होती की मला संशय आला. जवळ जाऊन पाहिले, तर तिसरीतला लडकू उघड्या डोळ्यांनी झोपला होता.

तुझी वेताची खुर्ची मी सील केली आहे, हे कळवायचे राहिले. रसायनीच्या कारखान्यात एकतीस वर्षे गुणवत्ता तपासणीत काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत सुतळी, मधोमध गाठ, गाठीवर लाख, लाखेजवळ चिठ्ठीवर माझी सही. कोणी बसू नये, एवढाच हेतू. (मीही बसत नाही.) एका गुरुवारी संध्याकाळी परतलो, तो लाख तुटलेली आणि सुतळीला बुटाच्या नाडीसारखी फुलगाठ! पुन्हा सील केले. पुढच्या गुरुवारी पुन्हा फुलगाठ. दाराचे कुलूप शाबूत, खिडक्या आतून बंद, आणि डब्यातली सात बिस्किटे कमी. दाराची दुसरी चावी तुझ्या पर्समध्ये असायला हवी होती, ती नव्हती.

साहजिकच संशय आनंदीबाईंवर गेला, कारण सकाळी केर काढायला त्याच येतात. त्यांना मी सभ्य शब्दांत विचारले. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मी मावन का त्या खुर्चीत, सायेब? आन् बाईंची हाय ती. फडकं मारतानाबी मी ‘बाई, जरा सरका’ बोलते.” हे उत्तर मला अधिकच संशयास्पद वाटले, परंतु तपासता येण्याजोगे नव्हते.

दुसऱ्या रविवारचा विषय कबुली. प्रत्येकाने आपली चूक बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून एका रिकाम्या डब्यात टाकावी, चिठ्ठ्या न वाचता जाळल्या जातील, असे वचन मी दिले. “सर, तुमीपन टाका,” असा मुलांचा आग्रह पडला, म्हणून मीही टाकली. मुले गेल्यावर मी नमुन्यादाखल केवळ एक चिठ्ठी उघडली. तीत ‘मी खुर्चीवर बसले’ असे होते. (नमुना सदोष निघाल्यास संपूर्ण साठा तपासावा, असा नियम आहे.) पाचपैकी चौघे खुर्चीवर बसले होते. पाचव्याने भावाचे खोडरबर खाल्ले होते, आणि खुर्चीची पाळी आपल्याला कधीच मिळत नाही, अशी तक्रार कबुलीतच जोडली होती.

गेल्या गुरुवारी मी सर्वांना दिसेल असा छत्री घेऊन निघालो आणि मागच्या गल्लीने येऊन जास्वंदीआड उभा राहिलो. शाळा सुटल्यावर चौथीतली हर्षला आली. तिने दप्तरातून चावी काढली, दार उघडले आणि पाचही जण आत गेले. मी खिडकीशी सरकलो. पाय जमिनीला पोचत नसताना ती तुझ्या खुर्चीत बसली आणि हुबेहूब तुझ्या आवाजात म्हणाली, “गप रं लडकू! पहिलं आभार, मग बिस्कीट.” किरणने आभार मानले की सर गुरुवारी घरी नसतात. मग विनंतीची पाळी लडकूची होती. “देवबापा, सरांना शिकवता येत नाय, पन मानूस बरा हाय. बिस्किटं मोजीत नाय.” (मी मोजतो.) “आन् त्यांचं खालापूरचं काम संपू देऊ नको.” सर्वांनी एकसुरात आमेन म्हटले. माझ्या एकाही रविवारी इतके खणखणीत आमेन झालेले नाही.

मी आत गेलो. लडकूने बिस्कीट खिशात टाकले. चावी कुठून आली, असे मी हर्षलाला विचारले. ती म्हणाली, “काकूनीच दिली. गुरुवारची दवाखान्यात जायची ना ती. बोलली, मी नसले तरी सुरू करायचं.” मी चावी ताब्यात घेतली आणि रीतसर पोच लिहून दिली: ‘चावी एक, पितळी, मिळाली.’ हर्षलाने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि विचारले, “मग आता कुठं सुरू करायचं, सर?”

आठवडा झाला. रविवारी वर्गाला एकही मूल आले नाही.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. खालापूरचे काम जूनमध्येच संपले. गुरुवारी मी शेलू स्टेशनच्या बाकावर बसतो आणि संध्याकाळी परततो. त्या दिवशी घरातली शांतता सोसत नाही. (घरात शांतता असते, अशी माझी समजूत होती.) कबुलीच्या डब्यातली माझी चिठ्ठी हीच. मुलांनी ती वाचली नाही. मी त्यांच्या वाचल्या, हे त्यांना सांगणार आहे.

ता. क. दुसरा, व मुख्य. खुर्ची वापरात द्यावी काय? सुतळी सोडून ठेवली आहे. साडेतीनपर्यंत तुझी हरकत न आल्यास संमती गृहीत धरीन.

ता. क. तिसरा. शाळेच्या फाटकावरून, सव्वाचार. हरकत आली नाही. बिस्किटांचा नवा पुडा डब्यात ओतला, न मोजता. हे पत्र घेऊन दफनभूमीकडे येत आहे. सहापर्यंत घरी जाणार नाही. दाराला कुलूप लावले. चावी हर्षलाला परत दिली. पोच घेतली नाही.