अठरा पूर्ण

वसई, १९९०

प्रिय उन्नती,

सावित्रीआत्याकडे करमतं ना? चंदनसारला फोन करावा असं मनात आलं होतं; पण फोन हातात घेतला की माझं भाषण सुरू होतं, हे तूच मला ऐकवलं आहेस. म्हणून लिहितो आहे. मागच्या दारच्या केळीने घड धरला आहे, तुझ्या अंदाजापेक्षा मोठा. आई बरी आहे.

शनिवारच्या सभेचं अजून कौतुक चाललं आहे. परवान्याचे नवे नियम पालकांना समजावून सांगायचे होते, ते मी सांगितले. सोळा पूर्ण होईपर्यंत कुठलीच गाडी नाही. सोळा ते अठरा फक्त पन्नास सीसीपर्यंतची, बिनगिअरची, तीही पालकांच्या लेखी संमतीने परवाना काढून. गिअरची गाडी अठरानंतरच. पोराच्या हाती किल्ली देणारा बाप हाच पहिला गुन्हेगार, या वाक्याला टाळ्या थांबेनात. मैत्रिणींबरोबर बसली होतीस, तू मात्र टाळी वाजवली नाहीस. मला वाटलं, तुझ्या संमतीच्या कागदावर मी चार महिने सही केली नाही, त्याचा राग असेल. मुलीला कशाला हवी गाडी, असं मी म्हणालो होतो ना.

बाहेर आलो तर फाटकाशी विघ्नेश. नेहमीसारखा मला न्यायला माझी स्कूटर घेऊन आलेला, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. तुझा पंधरा वर्षांचा भाऊ. मी सवयीने मागे बसलोसुद्धा. सभा भरवणारा ऑगस्टीन पायरीवरून म्हणाला, काय सर, ड्रायव्हर कितवीत हाय? लोक हसले. तेव्हाच उतरून चालत घरी आलो असतो तरी निभावलं असतं. मी म्हणालो, भाचा आहे माझा, अठरा पूर्ण. विघ्नेशने मान डोलावली. तू मैत्रिणींच्या देखत खाली पाहिलंस. दुसऱ्या दिवशी तू आत्याकडे निघालीस तेव्हा मी आईला म्हटलं, सुट्टी आहे, जाऊ दे.

काल राजोडीच्या रस्त्यावर हवालदाराने विघ्नेशला अडवलं. जेवताना तो रंगवून सांगत होता: हवालदार म्हणतो, वय काय रे तुझं? मी म्हटलं, अठरा पूर्ण. सोडलं की त्याने. उन्नती, तो आवाज माझा होता. 'पूर्ण' या शब्दावरचा जोरही माझाच. सांगून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. भरल्या सभागृहात कधी न अडखळलेल्या तुझ्या बापाने आईला म्हटलं, आमटी वाढ.

आजपासून किल्ली माझ्या खिशात आहे. त्याला वाटतंय, पेट्रोल संपलं. मला त्याला एकच वाक्य सांगायचं आहे: 'त्या दिवशी तुझ्यासमोर मी खोटं बोललो.' पण त्याच्यासमोर एकटा बसलो तर मी त्याला कायदा सांगेन, समाज सांगेन, पुस्तकांतले दाखले देईन आणि शेवटी दोष त्याचाच निघेल. मी स्वतःला ओळखतो. तुझ्या कागदावर सही केली आहे. तू आली नाहीस तरी ती तशीच राहील, हा काही सौदा नाही. तरीही ये. आमच्या दोघांच्या मध्ये बस, आणि मी दुसरं वाक्य बोलायला लागलो की मला गप्प कर.

तुझाच,
बाबा