बरणीतला गॅस

१४ मार्च, रविवार

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, धाकटीचा खोकला गेला. तुझी खुशाली विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद आजच माणसाहाती पाठवतोय.

भाऊजींच्या व्हॅनमधून काढलेलं ते पाण्याचं यंत्र काल गॅरेजच्या बाकावर सुटं केलं. प्लास्टिकची बरणी चाळीस, स्टीलच्या आठ पट्ट्या साठ, नळी पंचवीस, वायर आणि बटण पन्नास. पाण्यात टाकायचा चमचाभर सोडा तर धरायलाच नको. एकशे पंचाहत्तरचा माल नऊ हजारांना गळ्यात मारला. इंजिन गेलं ते वेगळंच.

झाकण उघडलं तर आत तपकिरी चिखल, बोटाला बुळबुळीत लागणारा. तीस वर्षं मी जळकं ऑइल चिवडतोय, एअर फिल्टरमधून मेलेले उंदीर काढलेत. पण काल तीनदा साबण लावला, तरी जेवताना हात तोंडाशी नेववेना.

तो विकणारा, पांढऱ्या बुटांचा, तुला भाऊजींनी सांगितला असेलच. "पाण्यातून हायड्रोजन काढायचा, डिझेलच्या जोडीने इंजिनला पाजायचा. पाव डिझेल वाचलंच समजा, शेठ!" अगं, पाणी फोडायला वीज लागते. ती वीज डायनॅमो देतो, डायनॅमोला इंजिन फिरवतं आणि इंजिन पितं डिझेलच. वाचलं काय, कपाळ?

हे मला त्या दिवशीही कळत होतं. तरी मी गप्प बसलो. का, ते लिहायचं टाळत इथवर आलो.

तो म्हणाला, "शेठ, तुमच्यासारखा कान या धंद्यात दुसरा नाही. तुम्हीच ऐका." त्याने मला दमडी दिली नाही, ताई. नुसतं कौतुक दिलं, आणि मी तेवढ्यावर विकला गेलो. बरणी माझ्याच जीपला बसवून घेतली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली. कारागीर हातातलं काम टाकून उभे. त्याने बटण दाबलं, दिवा लागला. मी डोळे मिटून, मान डोलवून म्हणालो, "आवाज मऊ झाला."

भाऊजी शेजारीच होते. म्हणाले, "तू ऐकलंस ना? मग मला गॅरंटीचे कागद नकोत." आणि त्याच संध्याकाळी व्हॅनला बरणी बसवून घेतली.

पुढचं तुला ठाऊक आहे. चढावर बरणीतलं पाणी नळीवाटे इंजिनात ओढलं गेलं आणि पिस्टनचा दांडा वाकला. हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी गाडीतच राहिल्या. व्हॅन ओढून आणली तेव्हा मी काय बोललो, हे मात्र भाऊजींनी तुला सांगितलं नसणार. तो माणूस सांगणार नाही. चौघांसमोर मी म्हणालो, "माझ्या जीपला तीच बरणी आहे. आठ महिने लोण्यासारखी चालतेय. भाऊजी, तुम्हीच काहीतरी घोळ घातलात, पाणी गळ्यापर्यंत भरलं असणार."

"असेल बाबा," ते म्हणाले. "आम्हाला कुठे तुझ्यासारखे कान." व्हॅनची चावी बाकावर ठेवली आणि चालत निघून गेले. कारागीर हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला बरणीतल्या चिखलापेक्षा जास्त किळस येते.

बुधवारपर्यंत चादरी पोचल्या नाहीत तर हॉस्पिटल काम दुसऱ्याला देणार, असं कानावर आलंय. उद्या सकाळी सात वाजता जीप घेऊन दाराशी येतो. व्हॅन उभी राहीपर्यंत गठ्ठे मी वाहीन. इंजिन मीच खोलीन, कारागिराच्या हाती देणार नाही. भाऊजी बोलले नाहीत तरी चालेल, फक्त गठ्ठे कुठे उतरवायचे तेवढं बोटाने दाखवू देत.

पण त्याआधी पुढच्या तीन ओळी त्यांना मोठ्याने वाचून दाखव. कारागिरांना मी त्या सकाळीच सांगितल्या आहेत.

माझ्या जीपची बरणी आज काढली. नळी इंजिनला जोडलेलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून तिचं दुसरं टोक बॅटरीमागे नुसतं बांधून ठेवलं होतं.

तुझा,
बहिरा भाऊ